जनुकजलाचे दोन थेंब

"उघडा!"

माइकमधून तो एकच शब्द आला आणि बंद पडलेल्या त्या चित्रपटगृहातला सगळा काळोख क्षणात पांढराफटक झाला. मागच्या भिंतीतल्या ज्या चौकोनी भोकातून कधीकाळी सिनेमे दाखवत, तिथून उजेडाचा झोत निघाला आणि थेट रंगमंचावरच्या खुर्चीवर पडला. खुर्चीतल्या माणसाने डोळे उघडले, मिचकावले, पुन्हा उघडले. मग पहिल्या रांगेकडे मान वळवून तो म्हणाला,

"आई, तुला चष्मा कधी लागला?"

झालं! सगळं चित्रपटगृह उठून उभं राहिलं. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी हुंदके देत होतं, कुणी शेजारच्याला मिठ्या मारत होतं. मागच्या रांगांतली माणसं खुर्च्यांवर चढली आणि एक जुनी खुर्ची मोडलीसुद्धा. मी मात्र बसूनच होते. बसले होते म्हणण्यापेक्षा अडकले होते. शेजारी माझी आई होती आणि तिने माझं मनगट असं धरलं होतं की बोटांना मुंग्या आल्या होत्या. आईला चष्मा लागून दीड वर्ष झालं होतं. खुर्चीवरचा माणूस माझा सख्खा मोठा भाऊ होता.

आणि मी? मी कामाला आहे ती डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत. आंधळेपणावर जनुकांतून उपचार शोधणं, हेच माझं काम. आता सांगा, माझ्यासारखीने त्या वेळी कुठे तोंड लपवावं?

रंगमंचावरच्या महापुरुषाला लोक 'दृष्टिदाते' म्हणत. आमच्या प्रयोगशाळेत त्याचं नाव डोळेबाबा. दाढी नाही, माळा नाहीत, अंगारा नाही. डॉक्टरसारखा पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात काचेची एक निळी बाटली. जुन्या काळातला बाबा असता तर मी आईला सहज समजावलं असतं. पण हा माझेच शब्द चोरून बोलत होता.

"आजार कुठे आहे? डोळ्यात? नाही! पडद्यात? नाही! आजार आहे जनुकात! आणि जनुक म्हणजे काय? जन्माची चूक! सायन्सवाले काय करतात? डोळ्यात सुई खुपसतात! मला सांगा, शर्ट मळला तर तुम्ही सुईने साफ करता की पाण्याने?"

"पाण्याने!" सगळे ओरडले.

"हे जनुकजल चूक हुडकून काढतं. जिथे चूक, तिथे अमृत. जिथे चूक नाही, तिथे नुसतं पाणी! निरोगी डोळ्यात घाला, काही म्हणजे काही होणार नाही. असं शहाणं पाणी आहे हे!"

थेंब घातल्यावर पाऊण तास मौन पाळायचं, डोळे मिटून. तोवर सगळे दिवे बंद. दारांना आतून कड्या. का, तर जनुक जागं होत असताना दार वाजलं तर ते दचकून पुन्हा झोपतं. जनुकांशी माझी इतक्या वर्षांची ओळख, पण दचकणारं जनुक मला अजून भेटलेलं नाही. हे मी आईच्या कानात म्हटलं, तर तिने मनगट आणखी आवळलं.

"तोंड उघडायचं नाही असं ठरलंय आपलं," ती म्हणाली.

*

दादा शिंपी. कोट शिवण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. आजार त्याला लहानपणापासूनच होता, पण तो चोरपावलांनी आला. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं. मग कडेचं दिसेनासं झालं. पुढे नळीतून बघावं तेवढंच उरलं. पण नळीच्या टोकाला जे दिसायचं ते स्वच्छ दिसायचं, आणि शिंप्याला सुईच्या नाकाएवढं दिसलं तरी भागतं. त्यामुळे तो शिवत राहिला. गेल्या दोनेक वर्षांत मात्र नळीच्या टोकालाही धुकं आलं. उजेडात गेलं की धुकं आणखी दाट व्हायचं. दादा दुकानाचा दरवाजा लोटून अर्ध्या अंधारात बसू लागला. गिऱ्हाईक तुटलं.

"आता संपलं," तो म्हणायचा. "नळी बुजली."

त्याने डॉक्टरांचं तोंड पाहणं केव्हाच सोडलं होतं. आमच्याकडे त्याच्या रक्ताची तपासणी झाली, बिघडलेलं जनुक सापडलं, आणि नेमकं ते आमच्या औषधातलं नव्हतं. आमचं औषध म्हणजे थोडक्यात असं: एक विषाणू घ्यायचा, त्याच्या पोटातलं त्याचं सामान काढून टाकायचं आणि तिथे दुरुस्त जनुक भरायचं. मग तो बारीक सुईने डोळ्याच्या पडद्याखाली सोडायचा. जिवंत पेशी ते जनुक वाचतात आणि कामाला लागतात. पण ही किल्ली एकाच कुलपाची. दादाचं कुलूप वेगळं. हे त्याला सांगितलं त्या दिवसापासून तो आमच्या दवाखान्याची पायरी चढला नाही. "तुझे उंदीर तपास," म्हणायचा, "त्यांचं नशीब चांगलंय."

आणि आई. हा आजार आईकडून मुलाकडे येतो. माझा मामाही असाच आंधळा झाला होता. डॉक्टरांनी हे आईला समजावून सांगितलं. तेव्हापासून दादाला ठेच लागली की ती स्वतःचा पाय चोळायची.

त्या दिवशी चित्रपटगृहातून घरी आलो तेव्हा आई गात होती. तिला गाताना मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. दादा खिडकीत बसून रस्ता बघत होता आणि लहान मुलासारखा सांगत होता, "ती बघ, लाल सायकल. तो बघ, टोपीवाला."

"बघ ना त्याचे डोळे," आई म्हणाली. "कसे काळेभोर झालेत! तान्ह्या बाळाचे असतात ना, तसे."

मी बघितले. ते डोळे माझ्या ओळखीचे होते. मी रोज बघते तसले डोळे, पण उंदरांचे. उंदराच्या पडद्याचा फोटो काढायचा तर त्याच्या डोळ्यात आधी एक थेंब घालावा लागतो. मग लाल दिव्याच्या खोलीत थांबायचं. हळूहळू बाहुली पसरत जाते आणि सबंध डोळा काळा होतो.

मी मोबाइलचा दिवा दादाच्या डोळ्यावर धरला. निरोगी बाहुली उजेडात चटकन आकसते. त्याची जागची हलली नाही.

"दादा, सुईत दोरा ओवून दाखव."

त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला. दोरा सुईच्या आजूबाजूने गेला.

"जवळचं यायला वेळ लागेल, असं म्हणालेत ते," तो म्हणाला.

"यायला नाही, गेलंय ते. दादा, हे औषध बाहुली मोठी करतं, बाकी काही नाही. कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात..."

"मला दिसतंय की नाही?" त्याचा आवाज चढला.

"दिसतंय, पण..."

"आईचा चेहरा दिसला मला. दोन वर्षांनी. तू दाखवलास? तुझ्या विषाणूने दाखवला? मग 'पण' कशाला म्हणतेस, चिमणे?"

मी मोबाइलचा दिवा बंद केला. कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसत होतं, आणि का दिसत होतं ते मला ठाऊक नव्हतं. बाहुली मोठी झाल्याने मेलेल्या पेशी काही उठून बसत नाहीत. मग हे धुकं गेलं कुठे?

*

दर आठवड्याला दादाला गाडी न्यायला यायची. दर आठवड्याला नव्याने थेंब, नव्याने झोत, नव्याने टाळ्या. त्याचा फोटो भिंती-भिंतींवर लागला: 'जिथे विज्ञान हरलं!' खाली बारीक अक्षरांत आमच्या संस्थेचा उल्लेख. म्हणजे संशोधिकेचा भाऊ हीच त्यांची खरी जाहिरात. प्रयोगशाळेत मी आले की सहकारी उंदरांच्या पिंजऱ्यांकडे वळायचे.

अशात एक दिवस बेकरीवाला आला. त्याची मुलगी, वय वर्षं सात, आमच्या औषधाच्या चाचणीत निवडलेली होती. तिचं कुलूप बरोबर आमच्या किल्लीचं. पेशीही बऱ्याचशा जिवंत. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया ठरलेली.

"मॅडम, आम्ही नाही करणार," तो उभ्या-उभ्याच म्हणाला. अंगाला ताज्या पावाचा वास, आणि नजर जमिनीवर. "दृष्टिदाते म्हणतात, एकदा सुई लागलेल्या डोळ्याला जनुकजल लागू पडत नाही. दोन्हीतलं एकच निवडा म्हणाले."

"अहो, पण तिच्या पेशी दरवर्षी मरतायत. आज जे वाचेल ते उद्या..."

"तुमचे दादा पाहिले मी," त्याने माझं बोलणं तोडलं. "तुमचेच ना ते? तुम्ही स्वतःच्या भावाला सुई दिली नाहीत. आणि माझ्या पोरीला देणार?"

काय सांगू? दादाचं जनुक वेगळं, हे सांगितलं. ते त्याला सबब वाटलं. त्याच्या जागी मी असते तर मलाही सबबच वाटली असती. माझ्याच भावाच्या उघड्या डोळ्यांनी माझी सगळी दारं बंद केली होती.

दोन दिवसांनी मी दादाच्या दुकानात बसले होते, तर बेकरीवाला मुलीचा हात धरून तिथे हजर. आभार मानायला आला होता. "तुमच्यामुळे पोरगी सुईपासून वाचली," असं म्हणत त्याने दादाचे हात हातात घेतले. दादा गोंधळला.

"कसली सुई?"

बेकरीवाल्याने सगळं सांगितलं. मी बोलून काही उपयोग नव्हता, हे मला एव्हाना कळलं होतं. बोलली ती मुलगी. दादाच्या गुडघ्याजवळ येऊन तिने विचारलं,

"काका, मला संध्याकाळी काहीच दिसत नाही. तुम्हाला आता दिसतं का संध्याकाळी?"

दादा गळ्यातली मोजपट्टी गुंडाळू लागला.

"सांगा ना. दिसतं?"

"नाही," दादा म्हणाला.

"आणि बाजूचं? मी इथे उभी राहिले तर?" ती एक पाऊल डावीकडे सरकली.

"...नाही. तू गेलीस कुठे?"

"इथेच आहे मी," ती हसून म्हणाली.

"येईल हो हळूहळू," बेकरीवाला घाईघाईने म्हणाला. "दृष्टिदाते म्हणालेत, टप्प्याटप्प्याने येतं." पण त्याने मुलीला जवळ ओढलं, आणि जाताना तो आला होता तसा हसत गेला नाही.

ते गेल्यावर दादा बराच वेळ कात्रीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "त्या पोरीला थेंबांनी गुण आला नाही तर तिचं काय होईल? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको."

"थेंबांनी तिचा आजार थांबणार नाही, दादा. आणि उपचाराची वेळ निघून जाईल. तिची नळी तुझ्यासारखी होईल, आणि मग आमच्याकडेही काही उरणार नाही."

"मग चल," तो उठला. "माझे डोळे तपासा. का दिसतंय मला, ते मलाच कळू दे."

*

डोळ्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्या आमच्या बाई बोलायला फटकळ. त्यांनी दादाची हनुवटी यंत्रावर टेकवली, उजेडाची बारीक फट त्याच्या डोळ्यावर टाकली आणि एका मिनिटात मान वर केली.

"मोतीबिंदू आहे याला."

"काय?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"मोतीबिंदू. बरोब्बर मधोमध, भिंगाच्या मागच्या बाजूला. पडद्याचा हा आजार असलेल्यांना तरुणपणीच होतो. तपासायला येत नाहीत, मग आजारच वाढलाय असं धरून बसतात."

दादाला समजेना. बाईंनी समोरच्या खिडकीकडे बोट केलं. "समजा, या काचेवर मधोमध चिखलाचा गोळा बसलाय आणि झडपा थोड्याच उघड्या आहेत. काय दिसेल? चिखलच. बाहुली म्हणजे त्या झडपा. उजेडात त्या मिटत येतात, म्हणून तुम्हाला उन्हात जास्त धुकं दिसायचं. थेंबांनी त्या झडपा सताड उघडल्या. चिखल जागच्या जागीच आहे, पण आता कडेकडेने उजेड आत येतोय. बाहुली मोठी करायला पाऊण तास लागतो. मौनही तेवढंच असतं, हो ना? त्यात जनुक कुठून आलं?"

मला चित्रपटगृहाच्या दारावरचे बाबाचे सेवेकरी आठवले. आत सोडण्याआधी ते प्रत्येकाच्या डोळ्यात बॅटरी मारत. 'पात्रता बघतोय' म्हणत. काहींना पुढे बसवत, काहींना 'तुमची वेळ यायची आहे' म्हणून मागे. ज्याच्या बाहुलीत मधोमध पांढरा ठिपका दिसेल, तो रंगमंचावर. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

"हे काढता येतं?" दादाने हळूच विचारलं.

"मोतीबिंदू? अर्ध्या तासाचं काम. नळी राहील, धुकं जाईल. पण ते थेंब आजच्या आज बंद. गेल्या महिन्यात एक आजी आल्या, डोळ्यातला दाब वाढून डोळा गेलाच. थेंब कुणी दिले विचारलं, तर तोंड उघडेनात. दृष्टिदात्यांचं नाव खराब होईल म्हणे!"

बाहेर बाकावर बसल्यावर दादा रडेल असं मला वाटलं. तो हसायला लागला. "दोन वर्षं, चिमणे! मी दोन वर्षं मेल्यासारखा अंधारात बसलो, आणि होता काय, तर म्हाताऱ्यांचा मोतीबिंदू!" मग हसू ओसरलं. "लोकांना हे मलाच सांगावं लागेल. माझंच ऐकतील ते. पण आईला कोण सांगणार?"

त्या संध्याकाळी तो आईजवळ बसला. "आई, त्या थेंबांबद्दल..." एवढं म्हणाला, आणि आईने त्याच्या केसांतून हात फिरवला.

"मला काय म्हणाले माहितीये का ते? म्हणाले, बाई, तुमच्या रक्तातला दोष मी उचलला. तेव्हापासून झोप लागते रे मला."

दादा खाली मान घालून उठला. आईची झोप राखायची की एका परक्या पोरीचे डोळे? असला प्रश्न कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

*

पुढच्या सभेला चित्रपटगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बेकरीवाला मुलीला घेऊन पुढेच बसला होता; त्या दिवशी तिला पहिले थेंब मिळणार होते. आमच्यामागे दारांना कड्या लागल्या, एकामागून एक. आई पहिल्या रांगेत जाऊन बसली.

दादाला खुर्चीवर बसवलं. डोळेबाबाने बाटली काढली. "आपले साक्षीदार! सांगा सगळ्यांना, काय काय दिसतं?"

दादाने माइक हातात घेतला. "सांगतो. पण आधी एक विनंती. माझी बहीण इथे बसलीये. तुमच्या जलावर तिचा विश्वास नाही. तिचे डोळे ठणठणीत आहेत. तिच्या डोळ्यात दोन थेंब घाला, आणि जनुकजल निरोगी डोळ्याला काही करत नाही हे सिद्ध होऊ द्या. शहाणं पाणी आहे ना आपलं?"

सभेला कल्पना फारच आवडली. विज्ञानवाल्या बाईची चारचौघांत जिरणार, याहून मोठी करमणूक कोणती?

डोळेबाबा गोड हसला. "शंकेखोर डोळ्याला जल देत नसतात, बंधू. जलाचा अपमान होतो."

"आधी तर तुम्ही म्हणाला होता, निरोगी डोळ्यात नुसतं पाणी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"घाला, घाला!" सगळीकडून आवाज आला. आपलीच भक्तमंडळी इतक्या भाबडेपणाने आपल्याला अडकवतील, असं त्याला वाटलं नसावं. दारं त्यानेच बंद केलेली. मी रंगमंचावर चढले.

"एकाच डोळ्यात," मी म्हणाले. "उजव्या."

थेंब झोंबला. दिवे गेले. दादाच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसले आणि मौन सुरू झालं. त्या अंधारात मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. बाटलीत काय आहे हे मला नक्की कुठे ठाऊक होतं? अंदाज चुकला तर? माझा उजवा डोळा मी सूक्ष्मदर्शकाला लावते. अंधारात माणसांचे श्वास ऐकू येत होते, एक बाळ किरकिरत होतं, आणि बाहेर जायला वाट नव्हती. दादाने चाचपडत माझा हात शोधला. लहानपणी संध्याकाळी मी त्याला हात धरून घरी न्यायचे, तसाच.

"उघडा!"

झोत पडला आणि माझ्या उजव्या डोळ्यात जणू कुणी पांढरा रंग ओतला. मी डावा डोळा तळहाताने झाकला आणि बेकरीवाल्याला वर बोलावलं. खुर्चीवर डोळेबाबाचंच माहितीपत्रक पडलं होतं. ते त्याने माझ्यासमोर धरलं.

"वाचा, मॅडम."

"नाही वाचता येत. नुसती मुंग्यांची रांग दिसतेय." मग मी हात बदलला, उजवा डोळा झाकला. "आता येतंय: 'जिथे विज्ञान हरलं.' घ्या, आता माझ्या दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून बघा आणि जे दिसतं ते मोठ्याने सांगा."

बेकरीवाल्याने बॅटरी धरली. तो खूप वेळ बघत राहिला.

"एका डोळ्याचं काळं टिचभर आहे," तो सावकाश म्हणाला. "आणि दुसऱ्याचं... विहिरीसारखं. दिवा मारला तरी हलत नाही." तो डोळेबाबाकडे वळला. "तुम्ही तर म्हणाला होता, निरोगी डोळ्याला काही होत नाही."

"यांच्या जनुकात सुप्त दोष असणार!" डोळेबाबा म्हणाला. "जल तो हुडकतंय! सुप्त दोष!"

"मग एक थेंब स्वतःच्या डोळ्यात घाला," दादा म्हणाला, "आणि वाचून दाखवा."

डोळेबाबाने बाटली खिशात टाकली. एवढं एक केलं त्याने, आणि माझ्या दहा व्याख्यानांनी झालं नसतं ते त्याने झालं.

मग दादाने चिखलाची आणि खिडकीची गोष्ट सांगितली, बाईंनी सांगितली तशी, पण शिंप्याच्या भाषेत. "मला दिसलं, हे खोटं नाही. पण माझं भोक मोठं केलं यांनी. कापड फाटकं होतं, ते फाटकंच आहे. संध्याकाळी मी अजूनही ठार आंधळा असतो. ज्यांना थेंबांनी बरं वाटलं असेल, त्यांनी मोतीबिंदू तपासून घ्या. आणि ज्यांना नाही वाटलं, त्यांची वेळ 'यायची' नाहीये, ती वाया चाललीये."

गोंधळ माजला. कुणी दादाला फितूर म्हणालं, कुणी पाण्याची बाटली भिरकावली. एका म्हाताऱ्याने मात्र शांतपणे जाऊन दाराची कडी काढली आणि वळून विचारलं, "तो मोतीबिंदूवाला दवाखाना कुठे म्हणालात?" तेवढ्यात डोळेबाबा पडद्यामागच्या दाराने पसार झाला. ते दार तेवढं त्याने उघडं ठेवलं होतं.

गर्दी ओसरली. आई पहिल्या रांगेत तशीच बसून होती.

"म्हणजे माझं रक्त तसंच," ती म्हणाली.

मी तिच्यापुढे बसले. "आई, जनुकांत चुका प्रत्येकाच्या असतात. माझ्या, त्या बाबाच्याही. नक्कल उतरवताना एखादं अक्षर चुकतं. कुणी ते मुद्दाम चुकवत नाही. कुणाची चूक दिसते, कुणाची दिसत नाही, एवढाच फरक."

तिला ते पटलं असं मला वाटलं नाही. मग दादा तिच्याजवळ टेकला. "शिवणाचा हात मला कुणाकडून आला, आई? तुझ्याकडूनच ना? आजाराचा दोष घेतेस, तर हाताचं श्रेयही घे. नाहीतर दोन्ही सोड."

आई रडली. पण रडताना तिने आपला पाय चोळला नाही, दादाचा हात धरला.

*

पळताना तो पांढरा कोट पडद्यामागे टाकून गेला होता; त्याच्या खिशातली बाटली नंतर तपासली. दवाखान्यात मिळतात तीच बाहुली मोठी करायची दोन औषधं, एक लवकर चढणारं आणि एक उशिरा उतरणारं, आणि वर निळा रंग. डोळेबाबाने आयुष्याची बरीच वर्षं एका चष्म्याच्या दुकानात काढली होती, असं पुढे कळलं. आता तो दुसरीकडे कुठेतरी गुडघ्यांची जनुकं धुतो म्हणे.

दादाचं धुकं शस्त्रक्रियेने गेलं. नळी मात्र आहे, आणि ती अरुंद होत चाललीये. त्याच्या कुलपाच्या किल्लीवर आम्ही काम करतोय. कधी होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही असंच मी त्याला सांगते. बेकरीवाल्याच्या मुलीवर उपचार झाले. तीन महिन्यांनी मंद उजेडाच्या खोलीत, अडथळ्यांच्या वाटेवरून ती एकटी चालत पलीकडे गेली. एकदा धडपडली. चमत्कारात कुणी धडपडत नाही. औषधात धडपडतात, आणि ते आम्ही लिहूनही ठेवतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. कुणी "मला गुण आला" म्हणालं तर त्याला खोटं पाडू नका. माझा दादा खोटारडा नव्हता. फक्त विचारा, हाच गुण दुसऱ्या कशाने आला असता का? मौन कशासाठी, अंधार कशासाठी, दाराला कडी कशासाठी? औषध खरं असेल तर या प्रश्नांनी ते नासत नाही. आणि प्रश्न विचारला म्हणून ज्याला राग येतो, त्याच्या हातून डोळ्यात काहीही घालून घेऊ नका.